तिसरं कौल

चाळीसेक वर्षं मी लोकांच्या पोरांना लाथा मारायला शिकवतेय आणि एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "मॅडम, तुम्ही कधी खरंच कुणाला मारलंय का?" विचारणारे बहुतेक वडील असतात. पोराला कराटेच्या क्लासला सोडायला आलेले, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरवणारे, आणि पोट असं की स्वतःच्या पायातले बूट त्यांना शेवटचे कधी दिसले देव जाणे. मी सांगते, "मारलंय की. दोन कौलांना." त्यांना वाटतं मॅडम गमतीशीर आहेत. मग ते मुद्द्यावर येतात, ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत होतो. माझा मुलगा राहतो त्या माजिवड्याच्या कॉम्प्लेक्समधल्या एका बाईंनी तर मला सरळ विचारलेलं, मे महिन्याच्या सुट्टीत उरकेल का, कारण जूनपासून त्याचं रोबोटिक्स आहे. मी म्हटलं, बाई, मे महिन्यात आंबे पिकतात. त्या रागावल्या, पोराला दुसरीकडे घातलं, आणि दिवाळीच्या सुमारास त्याचा काळ्या पट्ट्यातला फोटो कॉम्प्लेक्सच्या गेटवर लागला, शेजारी कुठल्यातरी नेत्याचे जोडलेले हात. पोरगा नऊ वर्षांचा. परवा लिफ्टपाशी भेटला, मला वाकून नमस्कार करायला गेला आणि स्वतःच्याच पट्ट्याच्या टोकावर पाय देऊन पडला. मी उचललं त्याला. गोड पोरगा आहे, त्याचा काय दोष.

तर ती दोन कौलं. आमचं गाव ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरांना अशी परदेशी नावं आहेत की आमच्या आयला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. तेव्हा भातशेती होती, आगरी माणसांची पन्नासेक घरं होती आणि प्रत्येक घरावर मंगळुरी कौलं होती. आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो आयच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. तांदळाची भाकरी, त्याबरोबर सुकट, नाहीतर वालाचं कालवण, आणि खाडीला भरती येऊन गेली असली तर चिंबोऱ्या. चिंबोरी फोडताना आय पाट्यावरचा वरवंटा उचलायची आणि एकदाच, नेमका मारायची. नांगी तडकायची पण आतलं मांस चेंदत नसे. पुढे मला जपानी भाषेत जे काही जोर, नेम, श्वास वगैरे शिकवण्यात आलं, ते सगळं मी त्याआधी दहा वर्षं चुलीपाशी बसून बघितलेलं. पण घरच्या बाईने केलेलं काम ही विद्या असते हे कुणाला कळतं? मलाही कळलं नव्हतं. मला वाटायचं विद्या पांढऱ्या कपड्यांत येते.

वैशाखात घर शाकारायचं. म्हणजे पावसाच्या आधी सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची आणि पुन्हा लावायची. बाबा वर चढून एकेक कौल खाली द्यायचे आणि आय ते डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकून बघायची. चांगलं कौल टण्ण वाजतं. ज्याला तडा गेलाय, भले तो तडा डोळ्यांना दिसत नसेल, ते बद्द वाजतं. टण्णवालं उजवीकडे, बद्दवालं डावीकडे. दिवसभर आमच्या अंगणात हे टण्ण, टण्ण, बद्द, टण्ण चालायचं आणि एकट्या आमच्याच नाही, गावातल्या प्रत्येक अंगणात. दहा वर्षांच्या पोरालासुद्धा ते कळायचं. मी एकदा लक्ष नसताना बद्द कौल उजवीकडे ठेवलं, तर आय नुसती म्हणाली, "कुंदे, कान कंय गहान ठेवलंस?" पावसात त्याच कौलाखाली माझं अंथरूण पडलं. चुकून नाही. आयने मुद्दाम ते तिथेच लावलेलं.

गावात कराटे आणलं ते डोंबिवलीच्या गोगटे सरांनी. सर सकाळी बँकेत कारकून आणि संध्याकाळी सेन्सेई. सडपातळ, गोरे, मिशी कोरलेली, आणि मराठी इतकं शुद्ध की ते "मुष्टिप्रहार" म्हणायचे तेव्हा समोरच्याला लागायच्या आधी शब्दच लागायचा. जपानी आकडे ते अशा थाटात मोजायचे की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी सत्यनारायण सांगतंय. आमच्या गावच्या मारुतीच्या जत्रेत त्यांनी प्रात्यक्षिक केलं. पाच कौलं एकावर एक रचली, डोळे मिटले, पोटातून एक ओरड काढली आणि हात मारला. पाचही कौलं खळकन खाली. तरुण पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हातारी मंडळी तोंडात तंबाखू धरून एकमेकांकडे बघत होती आणि धर्माकाका म्हणून आमच्या शेजारचे होते, ते गालातल्या गालात हसत होते. मला तेव्हा वाटलं, या अडाण्यांना काय कळतंय. मी सोळा वर्षांची, मला सगळं कळत होतं. दुसऱ्या आठवड्यात मी सरांच्या क्लासला नाव घातलं. पंचवीस मुलगे आणि मी एकटी.

बाबा काही बोलले नाहीत. बाबांचं काही न बोलणं हे होकारही असू शकायचं आणि नकारही, आणि आम्ही आपल्या सोयीने अर्थ लावायचो. तरुणपणी त्यांनी मिठागरावर काम केलेलं, त्यामुळे तळपायांना भेगा, आणि उन्हात बघून बघून डोळे कायमचे बारीक झालेले. मी अंगणात भिंतीला पोतं बांधून त्यावर हात मारायचे, रोज शंभर, मग दोनशे. बाबा ओट्यावर बसून बघायचे. आय भाकरी थापत असायची, तिची पाठ माझ्याकडे. एका वर्षात माझ्या तळहाताची खालची गादी अशी कडक झाली की आय माझ्या हातात गरम तवा देऊ लागली. "तुज्या हाताला आता काय लागतं," म्हणायची. घरात कराटेचा झालेला तेवढाच उपयोग.

मग एक दिवस गोगटे सर आमच्या घरी आले. ओट्यावर बसले, आयने दिलेला चहा बशीत ओतायचा की नाही या विचारात थोडा वेळ गेला, आणि मग म्हणाले, ठाकुर्लीला मुलींची वेगळी तुकडी सुरू करतोय, ती कुंदाने शिकवावी. मी आत दाराआड उभी होते. मला ती तुकडी हवी होती. तोवर मी काही हवं म्हटलेलंच नव्हतं कधी. माझ्या दोन चुलत बहिणींची लग्नं त्याच वर्षी झालेली, माझ्यासाठी दिवा गावाकडून एक स्थळ येऊन बसलेलं आणि मला पुढचं सगळं दिसत होतं, सासरचं अंगण, सासरचा वैशाख आणि सासरची कौलं. शिकवायला मिळालं तर निदान त्या रांगेतून बाजूला होता येणार होतं. बाबांनी सरांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जत्रा येतेय. पोरीनी गावासमोर तीन कवलां फोराची. मंग शिकवू दे. नाय फुटली तर क्लास बंद, ते दिव्यावाल्यांना हो सांगू." आणि सर उठायला लागले तसं पुन्हा म्हणाले, "कवलां आमचे घरची." सर हसले. म्हणाले, अवश्य. ते का हसले हे मला दोन दिवसांनी कळलं आणि वाटलं, बाबा फसले.

का वाटलं ते सांगते. त्या दिवशी सरांनी मला क्लास सुटल्यावर थांबवलं, दार लोटलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले की आज तुला एक गुप्त ज्ञान देतोय, हे फक्त काळ्या पट्ट्याच्या वरच्यांना दिलं जातं. आणि त्यांनी एक कौल उचललं, बोटाने ठोकलं, आणि म्हणाले, "हा नाद ऐक. बद्द. अशी निवडायची. मग चार दिवस गच्चीवर उन्हात तापवायची. दोन कौलांमध्ये लाकडाच्या पट्ट्या. मग साधा प्रहारही पुरतो." जे ज्ञान आमच्या गावात नाकाला शेंबूड असलेल्या पोरांना होतं, ते या माणसाने दार लावून दिलं होतं. आणि त्याच वेळी मला मागच्या जत्रेतली ती पाच कौलं आठवली, रचताना झालेला आवाज आठवला. बद्द, बद्द, बद्द, बद्द, बद्द. मी समोर बसलेले, पहिल्या रांगेत, आणि मला ऐकू आलं नव्हतं. धर्माकाकांना आलेलं. मी वर्षभर त्या माणसाच्या पायांना हात लावत होते. आयचं खरं होतं, कान मी खरंच गहाण ठेवलेले.

मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट हायसं वाटलं, हे मी आज कबूल करते. माझ्या मनात आलं, चला, म्हणजे तीन कौलं नक्की फुटतात, म्हणजे क्लास मिळतो. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले तेव्हा पोरांना प्रामाणिकपणावर पुष्कळ भाषणं दिली. दर वेळी हा दिवस आठवायचा आणि आवाज आपोआप थोडा चढायचा.

आमच्या घराच्या अर्ध्या भागावर त्याच वर्षी स्लॅब टाकलेला, त्यामुळे मागच्या दारी कौलांचे दोन ढीग होते, एक चांगल्यांचा, एक फुटक्यांचा. मी फुटक्या ढिगातून दिसायला धड अशी आठ निवडली, सरांना पाच आणि मला तीन, चार दिवस तापवली आणि जत्रेच्या सकाळी गोणीत भरून ओटीवर ठेवली. मग आंघोळीला गेले. परत आले तर गोणीचं तोंड सुतळीने घट्ट बांधलेलं होतं. मी इतकी बांधलेली नव्हती. पण आज मोठा दिवस, आयने काळजीने बांधली असेल, असं म्हणून मी गोणी सायकलला लावली.

मारुतीच्या देवळापुढे लाकडी फळ्यांचं स्टेज, त्यावर सतरंजी, बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या. सर पांढऱ्याशुभ्र पोशाखात पाहुण्यांशी बोलत होते. क्लासमधल्या मुलांनी विटांवर सरांची पाच कौलं रचायला घेतली आणि पहिल्यावर लाकडाची पट्टी टाकली तेव्हा मला आवाज आला. टण्ण. दुसरं ठेवलं. टण्ण. मी समोर बघितलं. म्हातारी मंडळी, जी मागच्या वर्षी तंबाखू चघळत मजा बघत होती, ती आता पुढे सरकून बसलेली. धर्माकाका हसत नव्हते. बाबा एका खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचे बारीक डोळे थेट माझ्यावर. पाच कौलं रचून होईपर्यंत स्टेजसमोरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की कौलं पक्की आहेत. माहीत नव्हतं ते एकट्या गोगटे सरांना, कारण ते पाहुण्यांना कराटेमुळे सरळ होणाऱ्या पाठीच्या कण्याबद्दल सांगत होते.

मी जवळ गेले आणि हळू म्हटलं, "सर, कौलं..." सर डोळे मिटून म्हणाले, "एकाग्रता, कुंदा." मी पुन्हा म्हटलं, "सर, बदललीत कुणीतरी." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चपला घालून आले. मग ते पुढे गेले, श्वास घेतला, ती पोटातली ओरड काढली आणि हात मारला. कौलं हलली नाहीत. हाताचा आवाज मात्र आला, आणि तो बद्द होता. मी काही क्रूर बाई नाही, पण इतकी वर्षं झाली तरी तो आवाज आठवून मला हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते, याच क्रमाने. सरांनी चेहरा हलू दिला नाही, एवढं मानायलाच हवं. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, हात टॉवेलात गुंडाळला आणि पाहुण्यांना म्हणाले की आज हवेत आर्द्रता फार आहे.

मग माझी पाळी. मुलांनी वरची दोन काढली आणि तीनच ठेवली. सर माझ्या शेजारून जाताना ओठ न हलवता म्हणाले, "चक्कर आली म्हण. खाली बस." हा त्यांनी मला दिलेला शेवटचा गुप्त धडा, आणि खरं सांगते, तो मला पटला होता. पण चक्कर आली तर क्लास गेला. हात मोडला तरी क्लास गेला. नाही फुटली तरी गेलाच. सगळीकडून जाणारच असेल तर निदान मारून जाऊ दे, एवढाच हिशेब होता. लोक त्याला धैर्य म्हणतात. क्लासच्या पत्रकावर मी पण म्हणते.

पहिला वार मी भीत भीत मारला. काही झालं नाही, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. कुणी हसलं नाही. मी हात झटकला आणि खाली बघितलं, त्या वरच्या कौलाकडे, आणि मला आयचा वरवंटा आठवला. ती कधी दोनदा मारायची नाही, आणि मारताना चिंबोरीकडे बघायचीही नाही, तिचं लक्ष पाट्यावर असायचं, चिंबोरीच्या खाली. मी तळहाताची गादी खाली केली, विटांमधल्या सतरंजीकडे बघितलं आणि मारलं. ओरडायला विसरले. वरची दोन कौलं तुटली. तिसरं तसंच राहिलं, वर दोन्हींचे तुकडे घेऊन.

दोन. बाबांनी तीन सांगितलेली. माझ्या मनगटातून कळा येत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे दिव्याची माणसं येऊन बसली, हातात पोह्यांच्या बशा घेऊन. बाबा खांब सोडून चालत आले, स्टेजवर चढले, चप्पल काढायला विसरले नाहीत. त्यांनी तुकडे बाजूला सारले, तिसरं कौल उचललं, डाव्या हातावर तोललं आणि पेराने ठोकलं. टण्ण. सगळ्या जत्रेला ऐकू गेलं. "खरीच हायेत," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग कौल खांद्यावर ठेवून घरी निघून गेले. मागे धर्माकाका टाळ्या वाजवायला लागले.

घरी आयने माझ्या हाताला आंबेहळद लावली आणि लावता लावता स्वतःहून बोलली. "फुटकी कवलां नेत होतीस. सरांसमोर, पाहुण्यांसमोर. आमचे घरान चांगली नाय का? लाजच वाटली मना. मीनी बदलली सगली." माझा हात, सरांचा हात आणि माझं सगळं आयुष्य या बाईने घराच्या अब्रूपायी पणाला लावलेलं, आणि वर हळद गरम करून आणलेली. मी खूप रडले. हात दुखतोय म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं आणि मी तसंच वाटू दिलं. जेवताना बाबांनी ते कौल पाटाशेजारी ठेवलेलं. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "ह्या कवल फुटं तवर जा क्लासला." मी विचारलं, आणि फुटल्यावर? "मंग बघू," म्हणाले, आणि सुकट मागितली. दिव्याला निरोप गेला तो नकाराचा.

गोगटे सरांचं हाड मोडलेलं. पण क्लासच्या डोंबिवलीच्या मुलांना त्यांनी सांगितलं की खोपटच्या एसटी डेपोजवळ तीन गुंडांनी एका बाईंची पर्स ओढली, तेव्हा मध्ये पडावं लागलं. मी ते ऐकत उभी होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, आणि पुढच्या सोमवारपासून ठाकुर्लीची मुलींची तुकडी मला मिळाली. दोन कौलांची करामत की गप्प बसण्याची, ते मी फार खोदून बघितलं नाही. सर गेले त्या वर्षी शोकसभेत ती गोष्ट पुन्हा सांगण्यात आली. गुंड नऊ झालेले. मी मान डोलावली. त्यांनी आमच्या गावातल्या मुलीला शिकवायला घेतलं, जेव्हा दुसरं कुणी घेत नव्हतं. त्याबदल्यात नऊ गुंड काही फार नाहीत.

ते तिसरं कौल मी चाळीस वर्षं सांभाळलं. भाड्याच्या हॉलमध्ये, शाळेच्या गच्चीवर, नंतर डोंबिवलीतल्या माझ्या स्वतःच्या क्लासमध्ये, जिथे क्लास तिथे भिंतीवर फळी आणि फळीवर कौल. पुढे लग्न झालं, नवरा कधी चिडला की म्हणायचा, एकदा फोडून टाक ते आणि स्वयंपाकाला लाग. मी त्याला लाडू द्यायचे आणि क्लासला जायचे. क्लासमध्ये पोरं विचारायची, मॅडम, हे का नाही फोडत? मी सांगायचे, याला मारायचं नसतं. त्यांना वाटायचं यात काहीतरी जपानी तत्त्वज्ञान आहे. हल्ली तर फोडायला प्लास्टिकच्या फळ्या मिळतात, मधोमध खाच असते, फोडायच्या आणि पुन्हा खटकन जोडायच्या. पाच वर्षांची पोरगी फोडते, आई मोबाईल धरते, आजी दृष्ट काढते. मीही आणल्यात, का नाही आणणार. मी बद्द कौलांच्या शाळेतूनच शिकलेली आहे.

या वर्षी आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि क्लास हलवायची वेळ आली. मुलगा माजिवड्याहून मदतीला आला होता. त्याचं केव्हापासून चाललंय, आई, गुडघे बघ तुझे, डॉक्टर काय म्हणाले बघ, आता बस कर. मी स्टुलावर चढले, फळीवरून कौल उचललं, आणि ते माझ्या हातातून निसटलं. ज्या हातावर आय तवा ठेवायची त्याच हातातून. चार तुकडे. मुलगा म्हणाला, "जाऊ दे गं, साधं कौल तर होतं." मी स्टुलावरून उतरले आणि खाली बसले, आणि मला एवढंच सुचत होतं की बाबांची मुदत संपली. वय वर्षं साठच्या पुढे, नातू शाळेत, आणि मी परवानगी संपली म्हणून जमिनीवर बसून रडत होते. नवा हॉल नको, सगळं बंद करू, असं मी मुलाला सांगून टाकलं. त्याने लगेच मान्य केलं, इतक्या लगेच की मला राग आला.

दुसऱ्या दिवशी आयला सांगायला गावी गेले. आय आता भावाच्या स्लॅबच्या घरात असते, वय किती तिलाही माहीत नाही, आणि ऐकू जवळजवळ येत नाही. तिच्या कानाशी मोठ्याने ओरडून मी सांगितलं, बाबांचं कवल फुटलं. तिने दोनदा विचारलं, कसा फुटला. मग म्हणाली, "तुज्या बापाचे कान तिखट. मागले जत्रेलाच बोल्लेला घरी येऊन, हा सर फुटकी कवलां फोरतंय. फुटकी फोरली असतीस तर तुना दिव्यालाच धारला असता. म्हनून बदलली मीनी." मी ओरडून विचारलं, "मग लाज वाटली म्हणालीस ते?" ती म्हणाली, ते तर तुला सांगायला. मी विचारलं, "आणि माझा हात मोडला असता तर?" आयने माझ्याकडे असं बघितलं की अजून हिला अक्कल आली नाही. "हात जोरतान डॉक्टर," ती म्हणाली. "रोज बघीत होतो मी तुना. पाठ होती, म्हनून काय झाला."

मग तिने खाटेखाली हात घातला आणि एक कौल ओढून काढलं. मी निवडलेल्या त्या आठ फुटक्यांतलं. गावात धूप घालायला निखारे ठेवतात ना, तसं ती ते इतकी वर्षं वापरत होती, मधोमध काळं झालेलं. तिने ते डाव्या हातावर तोललं आणि उजव्या हाताच्या पेराने ठोकलं. तिला काही ऐकू आलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कसा वाजतंय?"

मी ऐकलं होतं. आणि आता माझे कान शाबूत आहेत, त्यात चूक होणं शक्य नाही. चाळीस वर्षं निखारे सोसलेलं कौल, ते बद्द नाही तर दुसरं कसं वाजणार?

"टण्ण," मी तिच्या कानाशी ओरडले.

आयने मान हलवली आणि कौल माझ्या मांडीवर ठेवलं. "मंग बसलीस काय," ती म्हणाली. "जा क्लासला."